हर्मनच्या टेकडीवर मी बोलले ते

उज्जू,

शनिवारी हर्मनला जाऊन आले. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. सोबत इरा होती. खरं म्हणजे तुझ्या लेकीनेच मला नेलं. शिकागोहून तिचा फोन आला, "मावशी, आईचं ते जर्मन गाव, कॅन यू टेक मी देअर?" तुला जाऊन तेव्हा सत्तावीस दिवस झाले होते. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि किचनमध्ये उभ्या उभ्या रडले. कारण त्या गावात मागच्या ऑक्टोबरमध्ये मी तुला काय बोलले ते इराला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तुला आणि मला, बस. आता तूही नाहीस, म्हणजे ते वाक्य एकट्या माझ्याकडे राहिलंय.

मला ते परत घ्यायचं होतं गं. वर्षभर घ्यायचं होतं. तेवढ्यासाठीच हे लिहून राहिले. हो, "लिहून राहिले". कर करेक्ट! सव्वीस वर्षं केलंस. "पद्मा, लिहितेय म्हण. लिहून राहिले काय! पोरांसमोर तरी नको हं तुझं नागपुरी." मी म्हणायची, "काहून? मराठी काय फक्त तुमच्या पुण्यातच बनते काय?" आणि लायब्ररीच्या त्या बेसमेंटमध्ये पोरं तोंडावर वही धरून हसायची. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत पोरं मनापासून मराठी ऐकायची ती आपण दोघी भांडत असू तेव्हाच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

एक दुसराही गुन्हा आहे, तो आधी सांगून टाकते. तुझ्या फ्युनरलला मी इंग्रजीत बोलले.

इराने बजावलं होतं, "मावशी, तू मराठीत बोल. समबडी शुड." मी दोन पानं लिहून नेली होती. पण समोर उभी राहिले आणि बघितलं तर तुझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या ऑफिसची माणसं, तुमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणारे ते शेजारी, लायब्ररीतल्या बाई, तिसऱ्या ओळीत इराचे सासू-सासरे, हातावर हात ठेवून, इतक्या अदबीने बसलेले. आपली खोड तुला माहीत आहे. पंधरा मराठी माणसांत एक जरी दुसरा आला की आपण सगळे त्याच्यासाठी भाषा बदलतो, आणि तो उठून गेला तरी अर्धा तास तसेच बोलत बसतो. मी पानं घडी करून पर्समध्ये टाकली आणि म्हणाले, "शी वॉज सच अ वॉर्म अँड गिव्हिंग पर्सन." तू? वॉर्म? अगं तापलेला तवा होतीस तू! पण तवा कसा सांगणार त्या लोकांना. सगळ्यांनी टाळ्या नाही वाजवल्या एवढंच, बाकी छान झालं म्हणाले. घरी आले आणि दोन दिवस कोणाचा फोन उचलला नाही.

तर हर्मन. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा इरा पाचवीत होती. आपल्या कर्कवूड स्टेशनवरून सकाळची ट्रेन पकडायची, कारण माझ्या गाडीतून तू येणार नाहीस. मला गाडी तूच शिकवलीस, चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये, "ब्रेक! अगं ब्रेक, मेलीस, ब्रेक!" करत, आणि म्हणूनच माझ्यावर तुझा आयुष्यभर विश्वास बसला नाही. ट्रेन मिसूरी नदीच्या कडेकडेने जाते. तू खिडकीशी, मांडीवर दडप्या पोह्यांचा डबा, आणि दर वेळी नदी दिसली की तेच: "किती गढूळ गं हिचं पाणी, चहासारखं!" पंधरा वर्षं तेच वाक्य. शनिवारी इरा गाडी चालवत होती, रस्त्यावरून नदी लांबच राहते, तरी मी ते वाक्य ऐकायला मान वळवली. मग परत समोर बघत बसले.

त्या गावाची गोष्ट मला तूच सांगितलीस, आणि इतक्या वेळा सांगितलीस की मी आता झोपेत म्हणू शकते. फिलाडेल्फियातल्या जर्मन लोकांना वाटलं, इथे आपली मुलं बिघडायला लागली, भाषा विसरायला लागली. मग एक सोसायटी काढली, लांब पश्चिमेला नदीकाठी जागा घेतली आणि फिलाडेल्फियात बसूनच कागदावर गाव आखलं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, फिलाडेल्फियापेक्षा रुंद बाजारपेठ. लोकांनी प्लॉट घेतले, बिऱ्हाडं घेऊन आले आणि बघतात तर काय, प्लॉट टेकडीच्या कड्यावर उभा! कागद सपाट होता, जमीन नव्हती. इथे आलीस की तू दर वेळी कमरेवर हात ठेवून तो चढ बघायचीस आणि तितकीच खदखदून हसायचीस. "पद्मा, हे आपलं मंडळच आहे गं! मीटिंग एकीकडे, वास्तव भलतीकडे!"

आणि वर दफनभूमीत त्यांच्या पहिल्या कारभाऱ्याची कबर. बिचारा आजारी पडून उशिरा पोचला, तोवर लोकांनी हिवाळ्यात हाल काढलेले, सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. मेल्यावरसुद्धा त्याला बाकीच्यांपासून दूर, बाजूला पुरला म्हणतात. तू त्याला "सेक्रेटरी" म्हणायचीस. "नमस्कार कर गं सेक्रेटरींना. गॅदरिंगच्या समोशांना उशीर झाला ना, मंडळ मलाही असंच बाजूला पुरणार आहे." मी खाली दुकानातून घेतलेलं सॉसेज खात असायची आणि तू नाकाला पदर, म्हणजे स्कार्फ, लावून चार हात लांब. वायनरीत मात्र दोन घोट घ्यायचीस. दोन घोटांत तुझे कान लाल व्हायचे आणि तू पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमावर बोलायला लागायचीस. बाप्पा! वाइन पिऊन लोक काय काय बोलतात, आणि ही बाई जोडाक्षरं कधी घ्यायची ते बोलते.

हसू येतंय मला लिहिताना, आणि लगेच स्वतःचा राग येतोय. पुढे ढकलून राहिले ना मी. सांगते.

मागच्या वर्षी त्या शनिवारी सकाळी, तू स्टेशनवर यायच्या आधी, सनतचा सिअॅटलहून फोन आला होता. मी सहज विचारलं, बाळाशी मराठीत बोलता ना रे? माझी नात तेव्हा आठ महिन्यांची. तर माझा मुलगा म्हणाला, "आई, वी आर जस्ट गोइंग टू डू इंग्लिश. इट्स सिंप्लर." चिडून नाही, अगदी प्रेमाने म्हणाला. सनत, उज्जू! नऊ वर्षं तुझ्या वर्गात बसलेला. गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलेला. नवीन आईबाप आले की ज्याचं उदाहरण तू द्यायचीस तो. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तुला सांगितलं नाही. ट्रेनमध्ये सांगता आलं असतं, तासभर हातात होता. पण तुझा चेहरा उतरलेला मला बघवला नसता, आणि माझा उतरलेला तू बघावास हे तर त्याहून नको होतं.

मग आपण त्या जुन्या जर्मन शाळेत गेलो, आता म्युझियम आहे तिथे. छोटे छोटे बाक, फळा, भिंतीवर मास्तरांचे फोटो. तिथे बसणाऱ्या त्या पांढऱ्या केसांच्या आजीबाईंना तू विचारलंस, तुम्हाला येते का जर्मन? त्या म्हणाल्या, माझ्या आजोबांनी पहिल्या महायुद्धात रस्त्यावर जर्मन बोलणं बंद केलं, मग घरातही बंद झालं. मला येते ती जेवणाआधीची प्रार्थना आणि चार शिव्या. तू टाळी वाजवलीस! "बघ पद्मा, प्रार्थना आणि शिव्या! पुष्कळ झालं की!" आणि मला असा संताप आला तुझा.

टेकडीवर बसलो. तू डबा उघडलास, लिंबू पिळलंस, आणि शाळेचं सुरू केलंस. सात मुलं उरलीत, त्यातली दोन झोपलेली असतात, तरी जानेवारीपासून मोठ्यांचा वर्ग काढायचा. मी म्हटलं, "कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"समोर बघ ना. थडग्यांचे खालचे जुने दगड सगळे जर्मनमध्ये आहेत. त्यांच्या पोरांचे इंग्रजीत. त्यांनी तर अख्खं गाव काढलं होतं भाषेसाठी, उज्जू. आपल्याकडे लायब्ररीची एक खोली आहे, तीही दीड तास."

"मग? आपण वाढून ठेवायचं. खायचं की नाही ते त्यांनी बघावं."

आणि मी म्हणाले, "तू वाढून ठेवलंय, आणि कावळा शिवून नाही राहिला. ह्याला शाळा नाही म्हणत. श्राद्ध म्हणतात. दर रविवारी तू मराठीचं श्राद्ध घालून राहिली आहेस, आणि आम्हाला पंगतीला बसवते."

हे ते वाक्य. लिहिलं एकदाचं.

 "शिवून नाही राहिला काय, शिवत नाही म्हण" असंसुद्धा तू सुनावलं नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. डब्याचं झाकण लावलंस. पोहे तसेच होते, वर नुकतीच कोथिंबीर घातलेली. परतीची ट्रेन उशिरा आली, आपण फलाटावर एका बाकावर बसलो, मध्ये तुझी पर्स. कर्कवूडला मिलिंद घ्यायला आला होता. गाडीत बसताना तू म्हणालीस, "जाते." तू! पोरांना दर वर्षी पहिल्या तासाला शिकवायचीस, निघताना जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं. मी पार्किंगमध्ये उभी राहिले तुमचे मागचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत.

त्यानंतर मी रविवारी यायची थांबले. तू कारण विचारलं नाहीस. मी "सॉरी" किती वेळा टाइप केलं आणि पुसलं, देवनागरीत टाइप केलं, रोमनमध्ये केलं. सॉरी हा काय शब्द झाला त्या वाक्यासमोर? मला सनतचं सांगायचं होतं. सांगायचं होतं की उज्जू, ते तुझ्या शाळेबद्दल नव्हतंच, माझ्या घरात सकाळीच काहीतरी मेलं होतं आणि मी ते तुझ्या ताटात आणून टाकलं. एवढं सांगायला मला वर्ष पुरलं नाही. मी म्हणायची, दिवाळीत सांगू. मग संक्रांतीला. मग गणपतीत. गणपतीत आपण भेटलोही, मंडळाच्या आरतीत, तू प्रसादाच्या टेबलामागे उभी. माझ्या हातावर मोदक ठेवलास आणि म्हणालीस, "गुळाचा आहे, जपून, गरम आहे." मागे रांग होती. मी पुढे सरकले. ते तुझे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. तीन आठवड्यांनी मिलिंदचा फोन आला, सकाळी चहा करता करता पडलीस म्हणून.

शनिवारी म्युझियममध्ये त्याच आजीबाई होत्या. मला ओळखलं, आणि विचारलं, तुमची ती मैत्रीण कुठाय, खूप प्रश्न विचारणारी? मी इराकडे बघितलं. इराने सांगितलं. बाई उठून आल्या, इराचा हात हातात घेतला, आणि तिघी जणी त्या लहानशा बाकांमध्ये उभ्या राहिलो. 

मग टेकडी. तो चढ मला या वेळी झेपेना, दोनदा थांबले. इरा तुझ्यासारखीच पुढे जाते आणि कमरेवर हात ठेवून वाट बघते. वर पोचलो, तिने त्या एकट्या कबरीकडे बोट दाखवलं, "हा आईचा सेक्रेटरी, राइट?" मी मान हलवली. मी ठरवून आले होते. तुला सांगता आलं नाही ते तुझ्या मुलीला सांगायचं, तिच्याकडे माफी मागायची. गवतावर बसले आणि म्हटलं, "इरा, मला तुला एक सांगायचंय. मागच्या वर्षी इथे, आई आणि मी..."

"आय नो," ती म्हणाली. "तू तिला सांगितलंस ना, शाळा बंद कर."

"तुला आईने सांगितलं?" मी विचारलं.

"शी सेड यू वर राइट, मावशी."

उज्जू, तिने जे सांगितलं ते मी तुला काय सांगू, तुलाच ते माहीत! ऑगस्टमध्ये तू लायब्ररीला कळवलंस की आता खोली नको. पुस्तकं खोक्यांत भरून गॅरेजमध्ये लावलीस. इराला फोनवर म्हणालीस, "पद्मा बरोबर बोलली. मला ते दिसत होतं, बघायचं नव्हतं." इराला वाटलं, मला ठाऊक असणार. तू तिला म्हणाली होतीस, पद्माला मी सांगेन. कधी सांगणार होतीस? तूही दिवाळीत म्हणत होतीस का?

मग इराने विचारलं, "व्हॉट डिड यू से टू हर, एक्झॅक्टली? कारण आम्ही खूप ट्राय केलं. बाबांनी, मी. एव्हरी संडे ती थकून यायची. नोबडी कुड मेक हर स्टॉप."

माझ्या तोंडाशी आलं होतं, शपथ. पण तिचा चेहरा बघितला आणि मी म्हणाले, "आय जस्ट टोल्ड हर शी लुक्ड टायर्ड."

इराने माझ्या गळ्यात हात टाकले. "थँक यू, मावशी," म्हणाली. "यू गेव्ह हर अ लिटल रेस्ट." तुझी मुलगी माझ्या खांद्यावर रडली, माझे उपकार मानत, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. खाली नदी दिसत होती. मला त्या क्षणी तुझ्या जागी असायला चाललं असतं.

मी चुकले होते, उज्जू. तू हरायचं नव्हतंस! तू भांडायचं होतंस. "काय बोलतेस तू, लाज वाटते का," असं म्हणून माझ्या अंगावर यायचं होतंस, चार रविवार अबोला धरून पाचव्या रविवारी फोन करायचा होतास की फळ्याचे खडू संपलेत, येताना आण. मी आणले असते. सव्वीस वर्षं तू माझं एक म्हणणं मानलं नाहीस. लाल गाडी घेऊ नको म्हटलं, लालच घेतलीस. गुडघ्याला पट्टा लाव म्हटलं, नाही लावलास. बीपीची गोळी रोज घे म्हणून मी कितीदा डोकं फोडलं, तर "मला कळतं माझं," म्हणायचीस. ती गोळी ऐकली असतीस तर आज बसली असतीस समोर. माझं काही म्हणजे काही ऐकलं नाहीस. आणि ऐकलंस ते नेमकं हे.

मंडळाच्या दिवाळी अंकाने तुझ्यावर लिहायला सांगितलंय, म्हणून हे छापायला देतेय. तुझ्यापर्यंत पोचणार नाही, तेवढं कळतं मला. पण अंक इराकडे जाईल. ती वाचेल, तू शिकवलंयस तिला, ओळीखाली बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत ती वाचते. अर्ध्या दिवसात होणार नाही हे तिच्याने, दोन-तीन बैठका लागतील. शब्द अडला की पूर्वी तुला फोन करायची, आता मला करते. मी जे बोलले त्यातला तो एक शब्द तिला माहीत नाही. तेराव्याला तुमच्या घरी जे झालं तेही तिच्यासाठी पूजाच होती. तिथे ती अडेल. फोन करून विचारेल, "मावशी, श्राद्ध म्हणजे काय?"

आणि मग मला तिला सांगावं लागेल, "ते मी तुझ्या आईला म्हटलं."